बंदीतली झोप

आमच्या गल्लीच्या तोंडाशी निळ्या ताडपत्र्यांचे गठ्ठे येऊन पडले, की मला कॅलेंडर बघावं लागत नाही. मासेमारीवरची पावसाळी बंदी आली. आता दोन महिने समुद्रात जायचं नाही. वर्सोव्याच्या खाडीतल्या होड्या एकेक करून वर ओढल्या जातात, ओंडक्यांवर टेकवून उभ्या केल्या जातात, आणि कालपर्यंत पाण्यात डुलणाऱ्या या बाया एकदम आपल्या दारासमोर येऊन बसल्यासारख्या वाटतात. त्यांची पोटं किती मोठी असतात, ते बंदीतच कळतं.

गल्लीचा वासही बदलतो. ताज्या मासळीचा वास ओसरतो आणि त्याच्या जागी ऑइलपेंट, जुनी दोरी आणि घराघरातल्या सुकटीच्या कालवणाचा वास येऊन बसतो. बर्फ फोडायचा आवाज थांबतो. हा आवाज रोज पहाटे मला शिव्या घालायला लावतो, आणि थांबला की पहिले चार दिवस जागच येत नाही. मांजरांची मात्र वाट लागते. ती ओट्याओट्यावर फिरून ओरडतात, आणि आमच्या सासूबाई त्यांना सांगतात, "जा गो, सरकारला सांगा." यंदाही परवा त्या हेच म्हणाल्या. सगळे हसले. मीही हसले, आणि मग आत जाऊन उगाच भांडी घासत बसले.

मी मुळातली इथली नाही. माझं माहेर चारकोपच्या सेक्टरमधलं, वडील गिरणीत होते, गाव मालवणकडचं. लहानपणी मे महिना आला की वडील म्हणायचे, "घर शाकारूक गावाक जावक व्हया." पावसाळ्याआधी छपरावर नवं गवत, नवी झापं घालून घर झाकायचं, ते शाकारणं. मुंबईत जन्मलेल्या मला तो शब्द म्हणजे सुट्टी वाटायचा. लग्न करून वर्सोव्याला आले, तर इथे लोक होड्या शाकारतात. पूर्वी माडाच्या झापांनी, आता ताडपत्रीने, पण शब्द तोच. मला त्या शब्दाने पहिल्याच वर्षी घरच्यासारखं वाटलं होतं, हे मला कबूल केलं पाहिजे. कारण पुढे जे झालं ते त्या घरच्यासारखं वाटण्यातूनच झालं.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. माझे सासरे, आम्ही त्यांना बाबा म्हणतो, चाळीस वर्षं तांडेल होते. होडी कुठे न्यायची, जाळं कुठे टाकायचं, परत कधी फिरायचं, हे तांडेल ठरवतो. आमच्या होडीचं नाव 'चंद्रभागा', बाबांच्या आईचं. त्या वर्षी दिवाळीनंतर बाबांना झटका आला. उजवा हात गेला, बोलणं जड झालं, आणि समुद्र बंद झाला. डॉक्टरांनी माझ्या नवऱ्याला, नितीनला, बाजूला घेऊन सांगितलं की असा झटका पुन्हा येऊ शकतो, आणि आला तर आठवणीवर येईल.

नितीनचा चेहरा तेव्हा कशाने पडला, ते मला दोन दिवसांनी कळलं. होडीवर रस्ता दाखवणारं मशीन होतं, पण बाबांनी त्यात स्वतःच्या खुणा कधी भरू दिल्या नव्हत्या. पाण्याखाली खडक कुठे आहे, बुडालेल्या जुन्या पडावाचा सांगाडा कुठे आहे, जाळं कुठे फाटतं, हे सगळं बाबांच्या डोक्यात होतं. ते किनाऱ्याकडे बघून सांगायचे. मढच्या देवळाच्या कळसावर अमुक डोंगराची सोंड आली की खाली खडक, आता उजवीकडे सर. त्यांच्या हातात सुकाणू असेपर्यंत कुणाला विचारायची गरज पडली नाही. नितीन बारा वर्षं त्यांच्याबरोबर जात होता आणि त्याला त्यातल्या जेमतेम आठ-दहा येत होत्या. "साला मी झोपलेलो काय एवढी वर्षं," असं तो स्वतःलाच म्हणाला.

मी म्हटलं, मी लिहून घेते.

तो हिवाळा माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुंदर हिवाळा होता, असं मी आज म्हणू शकते. रविवारी दुपारी जेवणं झाली की बाबा ओट्यावर पश्चिमेकडे तोंड करून बसायचे. मी खाली पायरीवर, मांडीवर लॅपटॉप. समोर बांबूंवर बोंबील वाळत असायचे, जबडे एकमेकांत अडकवून. बाबा डोळे मिटायचे, डावा हात उचलायचे आणि हवेत किनारा काढायचे. इथे देऊळ. इथे ताड. इथे डोंगर. आणि डोळे मिटलेले असतानाच मला दटावायचे, "पोरी, तू डावीकरं बगतंस. उजवीकरं बग." मी कुठेच बघत नसायचे, टाईप करत असायचे. तरी मान उजवीकडे वळायची.

अर्ध्या खुणांची तर किनाऱ्यावरच वाट लागली होती. डोंगरापुढे टॉवर उभे राहिले होते. मग बाबांनी खुणा बदलल्या होत्या. पूर्वी डोंगराची खांद असलेली खूण आता "निल्या काचंच्या टॉवरचा डावा कान" झाली होती. एका इमारतीचं नाव त्यांनी "दात परलेली" ठेवलं होतं, कारण तिच्या गच्चीवरची टाकी काढून नेली होती. अंधेरीच्या ज्या काचेच्या इमारतीत मी रोज नोकरीला जात होते, तिलाही समुद्रात काही काम होतं. ती मढच्या किल्ल्यापासून दोन बोटं लांब दिसली की खाली चिखल, जाळं बिनधास्त टाक. मी त्यांना म्हटलं, "बाबा, ते माझं ऑफिस." ते म्हणाले, "मंग एक काम तरी बरा करतंय."

एकेचाळीस खुणा झाल्या. त्या एकेचाळीसही मी बाबांच्याच शब्दांत लिहिल्या होत्या. त्यांचा आवाज फोनवर घेत होते, रात्री ऐकून टाईप करून इंटरनेटवरच्या एका डेटाबेसमध्ये टाकत होते, आणि फोन भरला की आवाज पुसत होते. आत आहे ना सगळं, मग फोनवर कशाला. तिसऱ्या-चौथ्या रविवारी बाबांनी गल्लीतल्या दुकानातून एक वही मागवली होती, प्लास्टिकच्या कव्हरची, दोनशे पानी. "हिच्यात पन लिव." मी हसले. "बाबा, वही भिजते, फाटते, हरवते. हे कधी हरवत नाही." कुठल्या तोंडाने बोलले मी ते!

आता माझ्या धंद्याबद्दल थोडं सांगायला हवं. मी एका लहान सॉफ्टवेअर कंपनीत आहे. आमच्या गिऱ्हाइकांची माहिती डेटाबेसमध्ये असते, आणि हल्ली तो डेटाबेस स्वतःच्या मशीनवर कुणी ठेवत नाही. दूर कुठेतरी एका मोठ्या कंपनीची मशिनं असतात, ती आपली माहिती ठेवतात आणि राखतात. फक्त किती राखायची, ते आपण आधी सांगायचं. त्याचे प्लॅन असतात, एकाशेजारी एक रकाने. पहिला साधा. दुसऱ्यात रोज एक नक्कल काढून ठेवतात. तिसऱ्यात नकला दोन वेगळ्या शहरांत, म्हणजे एक शहर बुडालं तरी माहिती जिवंत. त्याच महिन्यात मी एका पडदे विकणाऱ्या गिऱ्हाइकासाठी तिसरा रकाना निवडला होता. अर्धा तास मीटिंगमध्ये घसा कोरडा करून पटवलं होतं, की साहेब, माहितीशी खेळू नका. त्यांचे पडदे, मापं, फुलांची डिझाइनं, सगळं आजही दोन शहरांत सुखरूप आहे.

बाबांच्या खुणांसाठीचे तीन रकाने मी अगदी सुरुवातीलाच त्यांना ओट्यावर बसून वाचून दाखवले होते. गंमत म्हणून, आणि थोडं मिरवायला म्हणूनही. पहिल्या रकान्यात लिहिलं होतं की वापर नसेल तेव्हा डेटाबेस झोपी जातो, आणि हात लावला की जागा होतो. मी ते मराठीत सांगितलं, तसे बाबा एकदम ताठ बसले.

"झोपते?"

"हो, कुणी उघडलं नाही तर झोपते. उघडलं की उठते."

"बंदीत पन?"

"बंदीत तर झोपेलच. कोण उघडणार तेव्हा?"

बाबा खूश झाले. ते डेटाबेसला 'डबी' म्हणत. "मंग तीच घे. होरीला दोन महिने झोप पायजेच. जी पान्यातच रेते ती कुजते. तुजी डबी शानी हाय."

आणि मला ते पटलं. लाज वाटते सांगायला, पण मनापासून पटलं. मला वाटलं, अरे, हे तर आपल्यासाठीच केलेलं आहे. दहा महिने काम, दोन महिने झाकून झोप. काचेच्या इमारतीत बसलेल्या कुणा माणसाला होडीची रीत कळली, असंच मला वाटलं. त्या रकान्याच्या खाली बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती, की सलग दीड महिना झोपलेला डेटाबेस कायमचा काढून टाकण्यात येईल. ती मी वाचली होती. वाचली नव्हती असं म्हणायची सोय नाही. वाटलं, दीड महिना कोण हात लावणार नाही? मध्ये एकदा उघडेन. आणि निवडलं.

त्या मशिनाची झोप आणि आमची झोप वेगळी होती. होडी झोपते तेव्हा तिच्यावर कुणीतरी झाप घातलेलं असतं, कुणीतरी येता-जाता तिच्यावर थाप मारतं, मुलं तिच्याखाली लपंडाव खेळतात. झोपलेल्या होडीची रोज कुणीतरी चौकशी करतं. तिकडे दूर, जे झोपलं ते कुणाचंच नाही असा हिशेब होता.

ती बंदीही अशीच सुरू झाली होती. ताडपत्र्या, ऑइलपेंट, सुकट. हंगाम संपण्याआधी नितीनने पाच खुणा समुद्रात जाऊन पडताळल्या आणि होडीच्या मशीनमध्ये भरल्या होत्या. "बाकीच्या नारळी पुनवेनंतर," तो म्हणाला. मग गल्ली तिच्या बंदीच्या चालीला लागली. पुरुष ओट्यांवर बसून जाळी विणत होते, बायका वर्षभराची भांडणं सावकाश भांडत होत्या. मीही त्या चालीत कधी शिरले ते कळलंच नाही. ऑफिसात पडदेवाल्यांचं नवीन काम निघालं होतं. घरी आले की पत्ते असत. समुद्राचं कुणी काही काढत नसे, आणि त्या डबीतल्या खुणांना कुणी हात लावला नाही. बाकी जगात दीड महिना हात न लावलेली वस्तू म्हणजे टाकून दिलेली वस्तू. आमच्याकडे ती फक्त बंदी असते.

त्याच बंदीत बाबांना दुसरा झटका आला. आठ दिवस हॉस्पिटल, मग घर. चालायला लागले, जेवायला लागले. माणसं ओळखत होते, पण मधूनच नितीनला त्याच्या काकाच्या नावाने हाक मारायचे. आम्ही एकमेकांना धीर देत होतो. मी तर सासूबाईंना म्हटलंही, "आई, बरं झालं ना, सगळं लिहून घेतलंय." त्या माझ्या डोक्यावरून हात फिरवून गेल्या. तो हात अजून डोक्यावर आहे.

नारळी पुनवेला चार दिवस होते तेव्हा मी उघडलं. संध्याकाळी, ऑफिसातून येऊन, चहा ठेवता ठेवता. पडद्यावर आलं, असा कोणताही डेटाबेस अस्तित्वात नाही. मी पुन्हा उघडलं. चहा उतू गेला. मग होडीच्या नावाने काढलेला ईमेलचा पत्ता आठवला, जो खास याच कामासाठी काढला होता आणि जो आम्ही बंदीत, अर्थातच, उघडला नव्हता. त्यात तीन पत्रं होती. झोपला आहे. काढण्यात येईल. काढण्यात आला.

त्या कंपनीच्या मदतीच्या चॅटवर एक सभ्य माणूस होता. मी त्याला सगळं लिहिलं, बाबांचा झटका, समुद्र, सगळं. त्याने लिहिलं की झालेल्या त्रासाबद्दल त्याला खेद आहे, मात्र या प्लॅनमध्ये नकला समाविष्ट नाहीत, पुढच्या वेळी वरचा प्लॅन निवडण्याचा विचार करावा. मी रागावू कशी? हेच वाक्य मी स्वतः गिऱ्हाइकांना कितीदा लिहिलं आहे. शब्दन् शब्द हेच.

नितीन जाळं खांद्यावर टाकून आला तेव्हा मी गॅससमोर उभीच होते.

"काय झालं गं?"

"खुणा गेल्या."

"म्हणजे?"

"म्हणजे गेल्या. पुसल्या त्यांनी. दीड महिना उघडलं नाही म्हणून."

"सगळ्या?"

मी मान हलवली. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने जाळं खाली ठेवलं, नीट घडी करून ठेवलं, आणि म्हणाला, "बाबांना बोलू नको."

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. ती वही काढली आणि बाबांच्या पायाशी जाऊन बसले. "बाबा, मढच्या देवळाची खूण परत सांगा ना." त्यांनी डोळे मिटले. डावा हात उचलला. मला आशा वाटली, ती शेवटची. हात हवेत थोडा वेळ राहिला आणि देवळाच्या जागी ताड आला, ताडाच्या जागी काहीतरी तिसरंच. दोन खुणा एकमेकींत शिरल्या होत्या. मी म्हटलं, "नाही बाबा, ताड त्या दुसऱ्या खुणेत होता." त्यांनी डोळे उघडले आणि गोंधळून माझ्याकडे बघितलं. मग त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं, अगदी मोकळं.

"मना कशाला इचारतंस? लिवलंस ना तू?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? त्यांना दुसऱ्या झटक्यानंतर जे काही लख्ख आठवत होतं, त्यात हे एक होतं. येणाऱ्याजाणाऱ्याला ते सांगत, "माज्या सुनेन सगला लिवून ठेवलाय." कधी कधी मनात येतं, की लिहून झालं या भरवशावरच त्यांनी त्या खुणा सोडून दिल्या असतील. मुठीत धरून ठेवलेली वस्तू माणूस विश्वासाने दुसऱ्याच्या हातात देतो, तशा. आणि मी तो हात उघडा ठेवला.

त्या हंगामात तिसऱ्याच खेपेला जाळं फाटलं. नितीनने जागा सांगितली, देवळाच्या दक्षिणेला, टॉवरच्या रांगेत. मी ऐकताक्षणी म्हणाले, "एकवीस नंबर." मला नंबर आठवत होता. ती खूण टाईप करताना सासूबाईंनी वाटीत भाजलेले शेंगदाणे आणून ठेवले होते, आणि त्याचं एक साल कीबोर्डच्या फटीत गेलं होतं, हेही आठवत होतं. खुणेत काय होतं ते आठवत नव्हतं. नितीन जाळं सांधायला बसला. मी त्याच्या शेजारी बसून फाटलेली टोकं धरून दिली.

नंतर मी वहीत आठवेल तसं लिहायला घेतलं होतं. अकरा खुणा लिहिल्या. मग नितीन म्हणाला, "यातली एक जरी चुकली ना मेघा, तर मी खडक टाळायला जाऊन खडकावरच जाईन." त्याचं खरं होतं. चुकीची खूण असण्यापेक्षा खूण नसलेली बरी. ती पानं मी फाडून टाकली. उरलेली वही कपाटात आहे, प्लास्टिकच्या कव्हरमध्ये, कोरडी ठणठणीत.

त्यानंतर नितीन त्या भागात जातच नाही. लांबून वळसा घालतो. गल्लीत कुणी विचारलं तर डिझेलचं कारण सांगतो. आमचा समुद्र त्यामुळे पूर्वीपेक्षा लहान झाला आहे. बाबांच्या मागे तो पुन्हा मोठा होईल असं मला वाटत नाही. किनाऱ्यावर नवे टॉवर येतच आहेत. बाबांनी ज्यांच्यावरून खुणा बदलून घेतल्या होत्या, तेही आता नव्या टॉवरांच्या मागे जाऊ लागलेत. कुणी सांगावं, खुणा राहिल्या असत्या तरी पाच वर्षांत निकामी झाल्या असत्या. नितीन मला बरं वाटावं म्हणून हे सांगतो. मला बरं वाटत नाही.

काल 'चंद्रभागा' वर ओढली. आज सकाळी नितीनने आणि त्याच्या चुलतभावाने तिच्यावर ताडपत्री ताणून बांधली. बाबांना मी हाताला धरून ओट्यावर आणून बसवलं. ते हल्ली बोलत नाहीत फारसं. होडीकडे बघत राहिले. मग गाठी मारून झाल्या तसा त्यांनी डावा हात उचलला, मला वाटलं किनारा काढतायत, पण त्यांनी फक्त मला जवळ बोलावलं.

"शाकारली?"

"हो बाबा, शाकारली."

"आनि ती डबी? ती पन झोपली?"

नितीन दोरीचं टोक हातात धरून तिथेच थांबला. माझ्याकडे बघत नव्हता.

"झोपली, बाबा."

बाबांनी समाधानाने मान हलवली. "झोपूदे. नारली पुनवंला उठव तिला."

मी हो म्हटलं.